उलटी लावलेली प्लेट

भाऊ, तुमच्या शोकसभेत मी चार मिनिटं बोलले. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख. आपल्या विभागात कुणीही गेलं की हेच तीन शब्द निघतात, आणि तुम्ही तर हसतमुख कधीच नव्हता. हसायला तुम्हाला कारण लागायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा मीच असायचे. समोर सगळा मेकॅनिकल विभाग बसला होता. टेबलावर तुमचा रिटायरमेंटच्या दिवशीचा फोटो होता. त्यात तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावलेलं, त्यामुळे धड ओळखूही येत नव्हता. माईक माझ्या हातात होता. सांगायचं ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि मी म्हणाले, "देवरावभाऊंच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." मग जाऊन खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही म्हणून मी लवकर आटोपलं.

मी घाबरून आटोपलं होतं. तेरा वर्षांपूर्वी घाबरले होते, तशीच.

म्हणून हे लिहिते आहे. इथे माईक नाही, समोर कुणी नाही, तुम्ही आहात. तुम्ही मधेच बोलणार नाही हे माहीत असूनही मी प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबते आहे.

मी पीएचडीला नाव नोंदवून पहिल्यांदा हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये आले तेव्हा एप्रिल होता आणि तुम्ही कूलरच्या पंपात डोकं घालून बसला होता. इथले लॅब असिस्टंट देवराव तुम्हीच का, असं मी विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हाव. तो नळ बंद करा आधी." मी नळ बंद केला. पुढची चार वर्षं मी तुमचं ऐकतच होते. फक्त एकदा ऐकलं नाही, आणि त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

माझा विषय कागदावर मोठा भारी होता. खरं तर एक लांबट लाकडी बोगदा होता. एका टोकाला ब्लोअर, तो बोगद्यातून हवा ओढायचा. बोगद्याचं छत म्हणजे तापवलेला पत्रा, आमच्या भाषेत प्लेट. त्या पत्र्याची उष्णता हवेने जास्तीत जास्त उचलावी म्हणून पत्र्याला आतल्या बाजूने बारीक तारा चिकटवायच्या. आम्ही त्यांना रिब म्हणतो. पुस्तकातून मला हे सगळं पाठ होतं. समजलं ते तुमच्याकडून. "अवो मॅडम, दुधावर साय धरते ना, तशी गुळगुळीत पत्र्याले हवेची साय धरते. ते हवा जागची हालतच नाही. वरून जाणारी हवा नुसती घसरून जाते, तिले गरमी भेटतच नाही. तार लावली का साय फुटते. हवा घुसळते." मग जरा थांबून, "पण फुकटात काही नाही. घुसळाचं म्हटलं का ब्लोअरले जोर लागते." पुढे मी शेकडो पानं लिहिली, पण ती सगळी या एवढ्या बोलण्याचाच विस्तार होता.

शोकसभेत एका तरुण प्राध्यापकाने सांगितलं की या रिबप्रमाणेच आयुष्यातले अडथळेही माणसाला ऊब देतात. तुम्ही असता तर उठून चहाला गेला असता.

तुमचा खरा विषय थांबणं हा होता. हीटर लावला, ब्लोअर सुरू केला की पत्रा, हवा, बोगदा, सगळं स्थिर व्हायला दीड-दोन तास लागायचे. मला घाई. मी अर्ध्या तासात वही उघडायचे. तुम्ही तापमानाच्या डब्यासमोर स्टुलावर बसून म्हणायचा, "आकडा हालून राहिला. थांबा." दर दहा मिनिटांनी वाचायचं, आणि लागोपाठ तीनदा सारखं आलं तरच वहीत लिहायचं. तीनदा सारखं आलं तर ते खरं, हा नियम तुम्ही जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावायचा. मला एक स्थळ आलं तेव्हा तुम्ही विचारलं, "कितीकदा भेटली?" एकदा, म्हटलं. "मंग आकडा हालूनच राहिला असन. अजून दोनदा भेटजा." तिसऱ्या भेटीत त्या गृहस्थांनी माझ्या पीएचडीबद्दल "लग्नानंतर पाहू" म्हटलं आणि मी घरी येऊन नकार कळवला. आईने आठवडाभर तुमच्या नावाने बोटं मोडली. मी अजून तुमचे आभार मानलेले नाहीत, ते इथे मानते.

आणि तो कळमेश्वरचा दिवस. पत्रे तिथल्या एका शेडमध्ये कापून, वाकवून घ्यायचे होते. येताना तुमच्या स्कूटरवर मागे मी आणि माझ्या मांडीवर आडवा पाच फुटी पत्रा. रस्त्याला लागलो आणि वारा पत्र्यात शिरला. स्कूटर अशी काही डोलायला लागली की मी सरळ देवाचं नाव घेतलं. तुम्ही बाजूला थांबवली, उतरलात, पत्रा काढून माझ्या हातात उभा दिला आणि शांतपणे म्हणालात, "हवा कोणत्या बाजूनं येते ते आधी पाहाचं. मंग पत्रा धराचा." मला इतका राग आला होता की मी घरी पोचेपर्यंत बोलले नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी हसत होता. आरशात मला दिसत होतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्याच एका गोष्टीवर आहे, हवा कोणत्या बाजूने येते.

पहिल्या दोन प्लेटींवर आपण सरळ आडव्या तारा लावल्या होत्या. तिसरीवर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या. एकेक तार पक्कडीने वाकवून, चिकटवून, वजन ठेवून, तुम्ही ती प्लेट सहा दिवसांत केली. व्हीचं टोक हवेच्या दिशेला असलं तर हवेचे भोवरे एका तऱ्हेने फिरतात, प्लेट उलटी फिरवली की दुसऱ्या तऱ्हेने, आणि सगळे आकडे बदलतात. म्हणून तुम्ही प्लेटीच्या पाठीवर खिळ्याने एक बारीकसा बाण कोरला होता. मला दाखवलाही होता.

प्लेट बसवायची त्याच्या आदल्या दिवशी पोळा होता. तुम्ही म्हणालात, उद्या मी येत नाही, मारबत आहे. मारबतीच्या दिवशी नागपुरात काम होत नाही, असा तुमचा दावा होता. जुन्या शहरातून ती भलीमोठी पुतळी निघते आणि सगळे ओरडतात, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, ते ऐकल्याशिवाय तुमचं वर्ष सरत नसे. "परवा बसवू," म्हणालात. "हात नका लावजा." पण सरांनी आढावा बैठकीसाठी आकडे मागितले होते. माझे गाइड, विभागप्रमुख, त्यांच्यासमोर सगळे उभे राहायचे. मी दुसऱ्या दिवशी एकटीने बोगदा उघडला, प्लेट बसवली, वरून हीटर दाबला, स्क्रू आवळले. बाण पाहिलाच नाही. तो हीटरखाली गेला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, म्हणालात, "बसवून टाकली का?" आणि नळ्या जोडायला बसलात. दाब मोजायची काचेची नळी भरली, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून बोटाने टिचक्या मारल्या, दोन तास थांबलात, तीनदा सारखे आकडे आल्यावर मला लिहायला सांगितलं. आकडे वाईट होते. साध्या सरळ तारांपेक्षाही वाईट. तुम्ही म्हणालात, "काहीतरी गडबड आहे. उद्या उघडून पाहू." पण सरांनी त्याच दुपारी बोलावलं.

त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे काय आहे?" माझ्या डोळ्यांपुढे बैठक आली, चार वर्षं आली, घरचे आले. आणि मी म्हणाले, "सर, नळी भाऊंनी भरली होती. बुडबुडा राहिला असेल. जोडणीही त्यांनीच केली होती."

तुम्ही दारात होता. हे मला बोलून झाल्यावर दिसलं.

"बुडबुडा नव्हता, सर," तुम्ही म्हणालात. सर म्हणाले, "मग आकडे खोटं बोलतात का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "पाहतो, सर."

तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की चूक तुमची असेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण चार दिवसांनी मी एकटीने हीटर उचलला आणि तुमचा बाण दिसला. तो ब्लोअरकडे असायला हवा होता आणि दाराकडे होता. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी प्लेट फिरवली, पुन्हा जोडणी केली, तुमच्यासारखी दोन तास थांबले आणि आकडे घेतले. इतके देखणे आकडे मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. ते घेऊन सरांकडे गेले. सर खूश झाले आणि म्हणाले, "बघ, नळी नीट भरली की झालं ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

भाऊ, पहिलं बोलणं घाबरून झालं. हे "हो" घाबरून नव्हतं. तेव्हा मला सगळं माहीत होतं. तोपर्यंत सरांनी तुमच्या नोकरीच्या कागदावर हलगर्जीपणाचा शेरा मारला होता आणि तुम्हाला वर्कशॉपमध्ये पाठवलं होतं, पहिल्या वर्षाच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवायला. केसाएवढ्या दोन तारांचं टोक जोडून तापमान मोजणारा माणूस वर्षभर कपाटातल्या कानशी मोजत बसला. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. माझ्याकडे ते वाक्य होतं.

तुम्ही वर्षाने लॅबमध्ये परत आलात ते लाल रंगाची डबी आणि ब्रश घेऊनच. जेवढ्या प्लेटी होत्या त्या सगळ्यांवर, समोरच्या कडेला, दुरून दिसेल असा मोठा बाण काढला आणि शेजारी लिहिलं, "हवा". मी विचारलं, "काहून, भाऊ?" तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "नवीन पोरं येतात, मॅडम. चूक होऊन जाते." एवढंच. आणि मी, भाऊ, सुटकेचा श्वास सोडला. यांना माहीत नाही, असं ठरवून टाकलं. माणसाला सोयीचं असलं की तो एकदाच वाचून लिहून टाकतो, तीनदा पाहत नाही.

मग बाकीचं आयुष्य चांगलंच गेलं की. मी डॉक्टर झाले, याच कॉलेजात नोकरीला लागले, तुमची "मॅडम" खरीखुरी मॅडम झाली. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचे आभार आहेत, "बहुमोल सहकार्याबद्दल". ते पान मी तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ वाचत होता. मी समजले, इंग्रजी वाचायला वेळ लागतो आहे. आता वाटतं, तुम्ही दुसरंच काहीतरी शोधत होता.

तुम्ही रिटायर झालात तरी येत राहिलात, ते मिरचीसाठी. वहिनींचं माहेर भिवापूरचं. तिथल्या बचत गटाच्या बायका अंगणात मिरची वाळवायच्या, धूळ बसायची, अवकाळी आला की पळापळ. तुम्हीच म्हणालात, आपला बोगदा आता उन्हावर चालवू. काचेखाली काळा पत्रा, पत्र्याखाली तारा, एक लहान पंखा, आणि गरम हवा सोडायची मिरचीच्या पेटीत. तुमच्या तोंडून कुठलीही नवी गोष्ट यायची ती "काही विशेष नाही" अशी यायची. गांधीबागेच्या कापडबाजारातून पेटीतल्या ट्रेंना लावायचं कापडसुद्धा तुम्हीच घासाघीस करून आणलंत.

आणि तिथेच, भिवापूरच्या त्या शेडमध्ये, आपलं शेवटचं भांडण झालं. मला व्हीच्या तारा हव्या होत्या, कारण उष्णता जास्त मिळते. तुम्ही म्हणालात, सरळ तारा लावा.

"भाऊ, सरळ तारेनं कमी मिळतं. तुम्हीच मोजलंय."

"कागदावर कमी. इथं दरसाल प्लेट साफ कराले काढतीन. परत लावताना उलटी लावतीन."

"बाण काढू ना आपण."

"उन्हात रंग उडते, मॅडम. प्लेट अशी पाहिजे का उलटी लावली तरी मिरची वाळली पाहिजे."

मला चढला राग. बायका ऐकत होत्या, मी डॉक्टर, मी आवाज चढवून म्हणाले, "इतकं सोपं असताना कोण लावतं हो भाऊ उलटी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. सरांच्या केबिनच्या दारातून पाहिलं होतं, अगदी तितकाच वेळ. मग पक्कड उचललीत आणि म्हणालात, "लावते कोणी कोणी." मला तेव्हाच सांगायचं होतं. पण पाच-सहा बायका समोर होत्या, म्हटलं, परतीच्या वाटेवर सांगू. परतीच्या वाटेवर तुम्हाला झोप लागली. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तुम्हीही उतरताना म्हणालात, "तारेचं पुढच्या हप्त्यात पाहू." तो हप्ता आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता, आणि दोन दिवसांत संपलं.

तेरवीला तुमच्या घरी आले होते. पंगत उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. तुमची पक्कड त्यांनी जुन्या रुमालात बांधून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठीच आहे. त्याइचा लय जीव होता तुमच्यावर," म्हणाल्या. आणि मग, अगदी सहज, "म्हणत होते, एक दिवस मॅडम येतीन अन् सांगतीन."

"काय सांगतीन?"

"मले काय समजते प्लेटीतलं? काहीतरी उलटं लागलं होतं म्हणे. ज्या साली वर्कशॉपात धाडलं ना, त्या साली धड जेवत नव्हते. मी म्हणो, तुमची चुकी नाही तर सरले जाऊन सांगा ना. तं म्हणत, थांब वं. अजून आकडा हालून राहिला."

माझ्या हातात पक्कड होती. तिच्या मुठीवर तुम्ही गुंडाळलेली काळी टेप होती, अंगठ्याच्या जागी झिजलेली. वहिनींनी पाणी आणून दिलं. त्यांनाही वाटलं, मला तुमच्या आठवणीने रडू येतंय. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

भाऊ, घरी येताना मला तुमचा भयंकर राग आला. तो इथे सांगते, कारण तुमच्याशी खोटं बोलणं आता पुरे झालं. तुम्ही काहून थांबलात? दोन तास थांबतात, चार तास थांबतात, तेरा वर्षं कुणी थांबतं का? एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या "मॅडम, प्लेट उलटी होती ना?" एवढं विचारलं असतं, तर मी ढसाढसा रडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही मला ती दुपारही दिली नाही. तुमचा हा मोठेपणा मला मान्य नाही. जेवत नव्हता म्हणे. वर्षभर जेवत नव्हता आणि परत आलात ते रंगाची डबी घेऊन, माझ्यासारख्या आणखी कुणाची चूक होऊ नये म्हणून. तुमच्यावर रागवायचं तरी कसं ते सांगा.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. ते आता मुलाकडे पुण्याला असतात. मी सगळं पाठ करून बसले होते. म्हटलं, "सर, तुम्ही देवरावभाऊंवर जो शेरा मारला तो चुकीचा होता. प्लेट मी उलटी बसवली होती." मग सर म्हणाले, "कोण देवराव?" मी सांगितलं. "अच्छा, तो कूलर दुरुस्त करायचा तो. गेला का? अरेरे." आणि मग, "कुठला शेरा म्हणतेस तू? मला काही आठवत नाही बुवा. जाऊ दे आता, तुझं काम चांगलं झालं ना?" मी फोन ठेवला. ज्या माणसासमोर मी तुमचं नाव घेतलं त्याला ते नावही आठवत नाही. तुम्ही तेरा वर्षं जे अंगावर वागवलं, मी तेरा वर्षं जे लपवलं, ते त्यांनी त्याच संध्याकाळी विसरून टाकलं होतं. आता ही चूक दुरुस्त करायची तर कुणापाशी?

म्हणून मी प्लेट करायला घेतली. तुमच्या पक्कडीने. सरळ तारा, तुम्ही म्हणालात तशा. तुम्हाला पाच दिवस लागले असते, मला नऊ लागले, आणि बोटांना अजून चिकटा आहे. दोन तारा जरा वाकड्या झाल्या आहेत, तुम्ही असता तर काढून पुन्हा लावायला लावल्या असत्या. आणि हेही सांगून ठेवते, सरळ तारेनं उष्णता कमीच मिळते. मी पुन्हा गणित केलं. त्या बाबतीत मी अजूनही बरोबर आहे.

काल भिवापूरला गेले. गटाच्या प्रमुख शेवंताबाई, तुम्ही त्यांना "कलेक्टर" म्हणायचा त्याच, पदर खोचून तयार होत्या. शेडमध्ये मिरचीचा असा काही ठसका होता की मी शिंकतच आत गेले. काचेची चौकट उघडली. शेवंताबाईंनी प्लेट उचलली आणि विचारलं, "कोणती बाजू समोर, मॅडम?"

"कोणतीही चालते."

त्यांनी प्लेट बसवली, काच लावली. पंखा सुरू झाला. ऊन चांगलं होतं. शेवंताबाईंनी पेटीतल्या तापमानाच्या डबीवरचा आकडा वाचला आणि लिहायला वही उघडली. आणि माझ्या तोंडून निघालं, "आकडा हालून राहिला. थांबा." एक बाई हसली. म्हणाली, "मॅडम तं भाऊसारख्या बोलून राहिल्या."

मग आम्ही थांबलो. दर दहा मिनिटांनी शेवंताबाई आकडा पाहून यायच्या. बायका मिरचीचे देठ खुडत बसल्या, मीही बसले. शेवंताबाई खुडता खुडता म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही अन् भाऊ इथंच भांडत होते ना बाणासाठी? तुम्ही तं ऐकाले तयार नव्हत्या. मंग आता भाऊचं काहून ऐकलं?"

समोर तशाच पाच-सहा बायका होत्या. त्या दिवशी याच संख्येला मी घाबरले होते.

मी सांगितलं. मारबतीच्या दिवसापासून सांगितलं. बाण हीटरखाली कसा गेला, केबिनमध्ये मी काय बोलले, चार दिवसांनी काय दिसलं, आणि मग मी "हो, सर" कसं म्हणाले. वर्कशॉपचं सांगितलं. लाल रंगाचं सांगितलं. त्यांना नळ्या आणि भोवरे समजले नसतील, पण देठ खुडायचे थांबले होते. मी म्हणाले, "प्लेट मी उलटी लावली होती, आणि नाव भाऊंचं लावलं. म्हणून ही प्लेट अशी आहे." तुमचं नाव लावल्याचं मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, सरांनाही फोनवर ते सांगितलं नव्हतं.

शेवंताबाई उठल्या, पुन्हा आकडा पाहून आल्या. "तीनदा सारखा आला," म्हणाल्या, आणि वहीत लिहिला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मिरचीचं होतं की काय, मी विचारलं नाही.

"मंग तुम्ही भाऊले सांगतलं का नाई, वं?"

"सांगून राहिली," मी म्हणाले. "आता सांगून राहिली."